बाकूच्या पोटात

हे खरं घडलंय. तोकिकोबाईंनी सांगितलं तसंच सांगतो, तिखटमीठ न लावता. मागचा फेब्रुवारी, जपानमधलं ताकायामा, भरदुपारची वेळ.

तोकिको भावजयीकडे मुळ्याचं लोणचं घेऊन गेली होती. भाऊ एइसाकू जाऊन चार महिने झाले होते. त्याआधी चार वर्षं फुसाए वहिनीने त्याचं अंथरुणातलं सगळं केलं. शेवटी श्वास पुरेना त्याला. वहिनी पार पिचून गेली होती.

तो गेल्यावर त्याची धाप रोज तिच्या स्वप्नात यायची.

त्यावर घरात एक उपाय होता. आजेसासऱ्यांचं नेत्सुके. किमोनोच्या पट्ट्याला बटवा अडकवायची अक्रोडाएवढी लाकडी खुंटी, स्वप्नं खाणाऱ्या बाकू या प्राण्याच्या रूपात कोरलेली. हत्तीची सोंड, वाघाचे पाय. वाईट स्वप्न पडलं की जाग येताच त्याला तीनदा म्हणायचं, 'खा रे बाबा.'

तो खातो.

वहिनी खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या गोधडीत पाय घालून बसली होती. नेत्सुके मुठीत. डोळे सुजलेले.

"वन्सं, आत्ता डोळा लागला होता. ते आले. धडधाकट. संत्रं सोललं आणि म्हणाले, दमलीस गं."

"मग रडताय कशाला?"

"जाग आली... आणि सवयीने तोंडातून गेलं. तीनदा."

तोकिकोला हसू आलं. "बाकू म्हणजे काय बकासुर आहे? तो बघा दादा, हसतोय तुम्हाला."

वहिनीने देव्हाऱ्यातल्या फोटोकडे पाहिलं. बराच वेळ...

"हे कोण?"

तोकिकोचं हसू विरलं.

वहिनीला औषधांच्या वेळा आठवत होत्या. चादरीचा रंगसुद्धा.

चेहरा नाही. आवाज नाही.

"वहिनी, हे देवळात नेऊन जाळून टाकू."

"जाळू कसं? ते आत आहेत." वहिनीने नेत्सुके तिच्या कानाला लावलं.

आधी काहीच नाही. मग...

धाप. ओली, तुटकी, शेवटच्या आठवड्यातली.

महिनोन्‌महिने वहिनीने बाकूला हेच तर भरवलं होतं.

"बरे आहेत ना हो?" वहिनीने विचारलं.

तोकिकोने नेत्सुके कानापासून दूर केलं. "हो," ती म्हणाली, "शांत झोपलाय."

वहिनीने तिथेच टेबलावर डोकं टेकलं आणि ती गाढ झोपली.

तोकिकोबाईंच्या कानातून मात्र ती धाप अजून गेलेली नाही.