हरणीची ओळख

"मामा, एक ग्लास द्या की. फेस जास्त."

तेजस्वीनं वळूनही पाहिलं नाही. अंगात बापाचा ढगळ शर्ट, डोक्याला त्याचाच टॉवेल, मांडीत चरवी... पाठमोरी ती मामाच दिसत असणार. पहाटेपासून शेण-वैरण करून तिचं अंग आंबलं होतं, भांडायचंही त्राण नव्हतं. तिनं ग्लासात धार सोडली आणि ग्लास मागं केला. घेणारा हात थबकला. बांगडी दिसली असावी.

"मामा न्हाय तुमी..."

"न्हाय," ती म्हणाली. "म्हशीला तेवढं सांगू नका."

दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून ग्लास हातात द्यायचा, ही कोल्हापूरची रीत. पण ही म्हैस, हरणी, तेजस्वीच्या बापाशिवाय, बाळासोंशिवाय, दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत नसे. वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि या बयेनं थेंब द्यायचं नाव घेतलं नाही. शेवटी बापाचे न धुतलेले कपडे चढवून लेक धारेला बसली, तेव्हा कुठं म्हशीची समजूत पटली.

गिऱ्हाईक होतं गगनबावड्याकडचं, धैर्यशील नावाचं. त्याची तुकडी शांतिसेनेबरोबर वर्षभर आफ्रिकेला जाणार होती आणि शहराबाहेरच्या कॅम्पात तिची तयारी चालली होती. पाठीवर ओझं घेऊन पळायचं, चिखलात लोळायचं, दुपारी डोळे मिटत असताना तिकडच्या भाषेतले शब्द घोकायचे. रविवारी आउटपास मिळाला की बाकीची पोरं रंकाळ्यावर भेळ खायला जायची. हा मात्र कट्ट्यावर येऊन दूध प्यायचा आणि गोणपाटावर बसल्या बसल्या घोरायला लागायचा. तेजस्वी त्याच्या बोटांतून ग्लास हळूच सोडवून घ्यायची.

"झोपायला एवढ्या लांब येताय व्हय, फौजी?" तिनं एकदा विचारलं.

"कॅम्पात झोपलो तर सपनातबी पळायला लावत्यात," तो डोळे न उघडता म्हणाला. "हितं... बरं वाटतंय."

त्या दिवशी तिनं दूध जरा जास्तच ओतलं.

एका रविवारी हरणीच्या कुशीला डोकं टेकून तेजस्वीचाच डोळा लागला. जाग आली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. तिच्या खांद्यावर त्याचा रेनकोट होता, आणि तो भिजत उभा राहून गिऱ्हाइकांना हळू आवाजात समजावत होता, की मालक दमल्यात, जरा थांबा. तेव्हा तिला तो आवडला. आडपडदा कशाला ठेवायचा, फारच आवडला.

पण आवडून उपयोग काय? तिला पाहायला आलेली स्थळं एकाच गोष्टीवरून परत गेली होती. म्हशी विका, वडलांची सोय लावा, मग नांदायला या, असं सगळ्यांचं म्हणणं. तिनं धैर्यशीलला हे सांगून टाकलं आणि वर म्हणाली, "मला नेणारा नको. हितं ऱ्हाणारा पायजे."

तो नुसता मान हलवत राहिला. नाव धैर्यशील, आणि ऐन वेळी जीभ टाळ्याला... तिला राग आला, रडूही आलं.

तुकडी निघायच्या आदल्या संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला आलाच नाही. गर्दी पांगली, तेजस्वीनं चरव्या विसळल्या, बाळासो घरी चल म्हणाले. ती उगाच रेंगाळली. तेवढ्यात तो धावत आला, मैदानावरून थेट, घामानं निथळत. कोपऱ्यात जाऊन त्यानं पिशवीतला कोरडा शर्ट घातला आणि अंगातला ओला टी-शर्ट तिच्यापुढं धरला.

"धुवायला आणलासा?" तिनं विचारलं.

"धुऊ नका," तो म्हणाला. "हरणीला... वास लागू दे ह्याचा. परत आलो की नोकरीची मुदत संपती. शेती भाऊ बघतोय, त्याला सांगूनच आलोय. मग मी बसतो धारेला. तुमी झोपा जरा."

तेजस्वीनं टी-शर्ट छातीशी धरला. दमलेल्या माणसाला दमलेल्या माणसानं याहून मोठं काय द्यायचं?

"नुसता टांगून न्हाय भागायचं," बाळासो कट्ट्यावरच्या खाटेवरून म्हणाले. "अंगात घालावा लागतोय."

दुसऱ्या दिवशी तो गेला. संध्याकाळी तेजस्वीनं बापाच्या शर्टावर तो टी-शर्ट चढवला आणि धारेला बसली. हरणीनं मान वळवून हुंगलं, फुरफुरली आणि दूध चोरलं. गिऱ्हाईक ताटकळलं. तेजस्वीनं तिच्या कुशीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"सावकाश ओळख कर," ती म्हणाली. "वर्ष हाय आपल्याकडं."