नानांचा घास

दुपारच्या शांततेत पोकुआने ढेकर दिली. भरपेट जेवून उठलेल्या माणसासारखी.

विभागातल्या खोलीत मी तपासत होते ते पेपर बाजूला सारले. पोकुआ माझी धाकटी, सहा महिन्यांची. अंगावरच्या दुधाशिवाय तिच्या पोटात काही जात नव्हतं, आणि सकाळपासून तिने तेही घेतलं नव्हतं. तिला पाठीवरून सोडवून मांडीवर घेतलं. इवलंसं तोंड, गुलाबी हिरड्या, आणि त्यातून येणारा वास. सुपारीसारख्या चघळायच्या कोलाच्या बीचा, कडवट, शिळ्या लाळेत मुरलेला.

कुमासीतल्या आमच्या विद्यापीठात जंतुशास्त्र शिकलेल्या कुणालाही हा वास ओळखता येईल. अडुसेई सर वर्गात कोला चघळत, प्रयोगशाळेत चघळत, बाहेरचे परीक्षक समोर बसलेले असतानाही चघळत. त्यांनी मला शिकवलं आणि पुढे शेजारच्या खोलीत खुर्ची दिली. माझा तास असला की थोरली आफ्रिये त्यांच्या मांडीवर असायची. ते नसते तर दोन लेकरांच्या धबडग्यात माझी नोकरी टिकली नसती. आफ्रिये त्यांना नाना म्हणायची. आमच्याकडे आजोबाला तेच म्हणतात.

त्यांची एकच गोष्ट मला सोसायची नाही. डब्यातला उकडलेला याम, सुरणासारखा कंद, स्वतः चावायचा, मऊ लगदा बोटावर काढायचा आणि पोरीच्या ओठाला लावायला पुढे करायचा.

"शी, सर! जन्मभर जंतू शिकवलेत ना तुम्ही?"

"म्हणूनच सांगतो, सेरवा. तुझ्या आजीने तुला असंच वाढवलं. तिच्याच जंतूंवर डॉक्टर झालीस तू!"

मी पोर ओढून घ्यायची. ते हसत हसत तो घास स्वतःच गिळून टाकायचे.

मग सर गेले. परदेशातले नातेवाईक येईपर्यंत ते दोन महिने शवागारात होते. गेल्या शनिवारी त्यांना पुरलं. विभागाने सगळ्यांसाठी त्यांचा चेहरा छापलेलं काळं-पांढरं कापड काढलं होतं. बायकांना रीतीप्रमाणे तीन तुकडे: झंपर, घागरा, आणि वरून घ्यायचा एक. सोमवारी तासाला निघताना पोकुआला पाठीशी बांधायचं नेहमीचं कापड ओलं होतं, म्हणून तिला तो तिसरा तुकडा बांधला. गेलेल्या माणसाचा चेहरा पाठीवर मिरवत वर्गात कसं जायचं? म्हणून छापील बाजू आत केली, पोरीकडे.

तेव्हापासून रोज तेच कापड. त्यात ती रडत नव्हती.

त्या दुपारी मी तिच्या तोंडात बोट घातलं. गालाच्या आत काहीतरी गिळगिळीत, कोमट. बोटावर आला तो तांबूस लगदा. लाळेची तार सुटली आणि माझ्या मनगटावर लोंबली.  बोट तसंच धरून प्रयोगशाळेत गेले आणि काचेवर लगदा पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. यामचे पिठूळ कण, कोलाचे तंतू. सगळं नीट, सावकाश चावलेलं.

घरी येऊन सासूबाईंना गाठलं.

"पोरीला चावून भरवलंत ना? खरं सांगा."

"कशानं चावू गं?" त्यांनी आ वासला. तोंडात एकही दात नव्हता. "मलाच कुणीतरी चावून द्यायची वेळ आलीय." मग त्यांची नजर माझ्या पाठीवर गेली. त्यांनी कापडाचं टोक उलटून पाहिलं. "मयताचं कापड लेकराला? आणि तोंड आत करून? अगं, डॉक्टर झालीस की खुळी झालीस?"

कापड सोडलं. आतल्या बाजूला सरांचा चेहरा होता, विभागाने निवडलेला, ओठ मिटलेला. ओठांवर तेवढंच कापड ओलं होतं. तांबूस, चिकट. बोट लावलं तर ऊबदार.

उकळत्या पाण्यात ब्लीच घालून ते धुतलं, स्वतःचे हात कोपरापर्यंत घासले. कापड वाळवून पत्र्याच्या पेटीत टाकलं आणि कडी लावली. ज्या माणसाच्या नुसत्या आवाजाने माझी लेकरं शांत व्हायची, त्याची मला इतकी किळस यावी, याचंच रडू आलं.

पण पोकुआ दूध घेईना. छाती तोंडाशी नेली की मान फिरवी. चमच्याने पेज दिली, थुंकली. वाटीतलं पाणीही थुंकली. डॉक्टरांनी तपासलं, तिला काही झालेलं नाही म्हणाले. तिची टाळू खोल जाऊ लागली. रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं.

"पेटीतलं कापड काढ," सासूबाई आज सकाळी म्हणाल्या. मान वर न करता.

"नाही."

"मग पोर काढ बाहेर, खड्ड्यात ठेवायला."

मी पोकुआला घेऊन ओसरीवर आले.

आता ऊन ओसरीवर आलंय. पोकुआ मांडीवर आहे, डोळे अर्धे मिटलेले. आतल्या खोलीत पेटीपाशी आफ्रिये केव्हाची उकिडवी बसलीय, पत्र्याला कान लावून.

तिथून आवाज येतोय. मऊ, ओला, लयीत.

मी ऐकते. पोकुआही ऐकते. तिने मान तिकडे वळवली आणि ओठ उघडले.

आवाज थांबला.

आफ्रियेने कडीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, नानांचं चावून झालं. उघडू?"