मुरडीवरचा पक्षी

शनिवारी दुपारी थर्झा ट्रेवीन पास्ट्यांची टोपली काखेला लावून बाहेर पडली, तेव्हा धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरच्या खाटकाच्या दुकानाची आडवी तुळई तेवढी दिसत होती, खालचं दुकान नाही. तुळई नुसतीच हवेत लटकल्यासारखी. बर्फाला आवाज नव्हता. कुठेतरी ओल्या लाकडाचा धूर कोंडला होता.

टोपलीत बारा पास्ट्या. मांस, बटाटा, सलगम भरलेल्या, वीतभर लांब, जाड मुरडीच्या करंज्याच म्हणा ना. कॉर्नवॉलहून मोंटानाच्या या घळीत सोनं खणायला आलेल्यांना त्यांच्यावाचून शनिवार शनिवार वाटत नसे. प्रत्येकाच्या पास्टीच्या एका कोपऱ्यावर थर्झा त्याची खूण उमटवायची. कुणाचा मासा, कुणाची कुदळ. माणूस दुसऱ्या टोकाकडून खात यायचा आणि खुणेचा कोपरा खाणीतल्या अंधारात टाकायचा, आत ठोके देणाऱ्या बुटक्या भुतांसाठी. तो कोपरा जिवंत माणूस कधी खात नसे.

थर्झा विधवा, पन्नाशीला टेकलेली, बोलायला गोड. तिची खिडकी मात्र घळीतली सगळ्यात कामसू. कोण कुणाच्या दारातून कधी निघालं, विचारायचं तर तिलाच. खोटं कशाला बोला, तिला त्याचा थोडा तोराही होता.

ओबेद सुताराच्या दारात तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. ओबेदने आपली मासा असलेली पास्टी उचलली आणि हात तसाच धरला.

"आज कुणी नवं गिऱ्हाईक धरलंस वाटतं."

"छे. तेच बाराजण."

"मग हा पक्षी कुणाचा?"

थर्झाने पाहिलं. टोपलीत मधोमध, बाकीच्या वाफाळत असताना, एक पास्टी थंडगार पडली होती. कोपऱ्यावर चोच वर केलेला पक्षी. ती खूण जोरी पेन्नाची. आणि जोरीला वीस दिवसांपूर्वी खाटकाच्या त्याच तुळईला टांगला होता.

"सवयीनं झाली असेल," ओबेद हलकेच म्हणाला. "हाताला काय कळतंय, कोण गेलं ते."

थर्झाने फडकं परत ओढलं. सकाळी तिने पीठच बारांचं मळलं होतं, ही तेरावी.

जोरीला टांगला तो तिच्या शब्दावर. सोनं पारखणारा म्हातारा ॲब्नर त्याच्या खोलीत खून होऊन पडला, आणि न्यायाधीश म्हणाल तर दोनशे मैलांवर. मग घळीतल्या दक्षता मंडळाने न्याय हातात घेतला. मंडळाचा कॅप्टन सायलस रॅग. वसंतात शेरीफची निवडणूक होती आणि सायलसला गुन्हेगार हवा होता, तोही लवकर. थर्झा म्हणाली, "ॲब्नरच्या दारातून निघाला तो जोरीच होता. त्याचा लाल मफलर मी ओळखते." ती ओळखत होती तो मफलर. माणसाची तिला पाठच दिसली होती, तीही तिन्हीसांजेला, पडत्या बर्फातून. पण सगळी घळ टोप्या काढून तिचं ऐकत होती. शब्द तोंडातून निघून गेला.

आणि आज तीन वाजता जोरीचा धाकटा भाऊ पॅस्को याचा निवाडा होता. त्याच साक्षीवर. एकाने मारलं, दुसऱ्याने पहारा दिला, म्हणे.

"ओबेद," ती म्हणाली, "मी सांगून टाकलं तर... की मला तेव्हा नीट दिसलं नव्हतं..."

ओबेदने खाली पाहिलं. "तर पॅस्को सुटेल. आणि आम्ही सगळे खुनी ठरू. बघ बाई, तुझं तू."

घरी परतली तर दाराशी सायलस उभा. मिशीवर बर्फ, हातात टोपी, अगदी अदबीने.

"थर्झाबाई, तीनला या हं. जे बोललात तेच बोला. नवीन काही आठवू नका. म्हातारपणी आठवणी फार घात करतात."

तो गेल्यावर तिने दाराकडे पाहिलं. फळीवर खडूने एक आकडा लिहिला होता. असा आकडा ज्याच्या दारावर उमटे, त्याने घळ सोडायची. नाही सोडली तर तुळई होतीच.

तीन वाजता सगळी घळ रस्त्यावर जमली. पॅस्कोचे हात मागे बांधलेले. अवघ्या एकोणीस वर्षांचा. तिला पाहून तो म्हणाला, "काकू, तुम्ही सांगा ना. जोरीनं मफलर त्या दिवशी दुसऱ्याला दिला होता. तुम्हाला चेहरा दिसला होता का? एवढंच सांगा."

सायलसने विचारलं, "बाई, जे सांगितलंत ते खरं?"

थर्झाने तोंड उघडलं. दारावरचा आकडा डोळ्यांपुढून हलेना.

"सांगितलं तेच," ती म्हणाली.

पॅस्कोने तिच्यावरची नजर काढून तुळईकडे वळवली.

मत द्यायची तिथली रीत साधी होती. दोन घोडागाड्या समोरासमोर उभ्या करायच्या आणि मधून एकेकाने जायचं. आधी फाशीवाले, चढाकडे. मग सोडा म्हणणारे, उताराकडे. ओबेद काठीवर खाचा पाडत मोजत होता. चढाकडे चाळीस. मग उताराकडे, अडतीस... एकोणचाळीस... चाळीस.

"बरोबरी," सायलस म्हणाला. "म्हणजे मत माझं. दोर आणा."

"थांबा," ओबेद म्हणाला. त्याचा चाकू काठीवर टेकला होता. "अजून एक येतोय..."

गाड्यांच्या मध्ये कुणीच नव्हतं. तुडवलेल्या बर्फात मात्र एक नवं पाऊल उमटलं. मग दुसरं. बर्फ करकरत दबत होता, अंगावर भार असल्यासारखा. उजव्या टाचेच्या ठशात पत्र्याच्या चौकोनी पट्टीची खूण. जोरीला त्याच बुटांसकट पुरला होता. पेटी ओबेदनेच केली होती.

पावलं गाड्या ओलांडून उताराच्या बाजूला आली. ओबेदने खाच पाडली.

"एक्केचाळीस," तो कुजबुजला. "सुटला."

कुणी हरकत घेतली नाही. सायलसनेसुद्धा नाही. दोर धरलेल्या माणसाने तो गुपचूप खाली ठेवला आणि पॅस्कोचे हात सोडले.

पण पावलं थांबली नव्हती. ती उताराकडच्या घोळक्यात न शिरता वळली. हळूहळू, थर्झाच्या घराकडे. खिडकीखाली जाऊन दोन्ही बुटांची टोकं भिंतीला लागली. तिथून परत फिरलेलं पाऊल कुणालाच सापडलं नाही.

थर्झा घरात शिरली. चूल विझलेली. टेबलावर एकच पास्टी होती, थंड. खूण पक्ष्याची नव्हती. चार तावदानांची खिडकी, आणि एका तावदानात इवलासा ठिपका, कुणी आतून बघत असावं तसा. थर्झाने स्वतःसाठी खूण कधी केलीच नव्हती.

तिने चूल पेटवून ती आत टाकली. रविवारी सकाळी ती टेबलावर होती, दुसऱ्या टोकाला एक घास तोडलेला. तिने नदीत फेकली. सोमवारी निम्मी उरली होती. दाताच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या.

पॅस्को घळ सोडून गेला. सायलसने तिच्या दारावरचा आकडा स्वतः पुसला, आणि त्यानंतर तिच्या दाराकडे पाहणंच सोडलं.

आज बुधवार. थर्झाने खिडकीवर घोंगडी ठोकली आहे, बाहेर बघणं बंद. बर्फ चार वेळा पडून गेला, तरी खिडकीखालची ती दोन पावलं बुजत नाहीत. आणि टेबलावर फक्त कोपरा उरला आहे, खिडकीचा, अंधारात टाकायचा तो. त्या खिडकीतला ठिपका आज नाही.