जाळीतला खण

तुम्ही विचारता म्हणून सांगतो, नाहीतर त्या मोटरबोटीचं नावही मी काढत नाही.

निजाम जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. मी अंबडच्या तहसिलीत जीपचा ड्रायव्हर होतो. भाद्रपदात गोदावरीला पूर आला, पाणी नाल्यांत उलटं शिरलं आणि तीर्थपुरीच्या अलीकडच्या एका वस्तीला चहूबाजूंनी वेढा पडला. सरकारनं मागं पेट्रोलची मोटर लावलेली एक नाव पाठवली. ती चालवणारा माणूस मात्र पाठवला नाही. साहेब म्हणाले, "तुला इंजिन कळतं ना? मग जा." जीप काय आणि नाव काय, त्यांच्या लेखी सारखंच. वाट दाखवायला कडूबा कोळी सोबत दिला.

दुपारी वस्तीवर पोचलो. आभाळ काळं झालेलं, वारा अजिबात नाही. पाण्याला कुजलेल्या पिकाचा वास येत होता. तिथं रामराव नावाच्या शेतकऱ्याला पटकी झाली होती. चौघांनी त्याला घोंगडीत गुंडाळून नावेत ठेवलं. बायको सोनूबाई उशाशी बसली. पलीकडे सडकेवर डॉक्टरांचा तंबू होता. तिथं वेळेत पोचला तर जगेल, एवढीच आशा होती.

मी मोटरची दोरी ओढणार, तेवढ्यात सोनूबाईनं थांबवलं. गोदावरीला आपल्याकडे गंगाच म्हणतात, आणि पुरात गंगेवर निघायचं तर तिकडची सवाष्ण आधी तिची ओटी भरते. सोनूबाईनं हिरव्या खणात तांदूळ आणि हळकुंड बांधलं आणि नेमकं मोटरच्या मागं पाण्यात सोडलं.

"माझं कुंकू राख, माय."

मला घाई होती. मी दोरी ओढली.

ही मोटर पाण्यातल्या जाळीतून पाणी ओढून घेते, त्यावर गार राहते आणि तेच पाणी मागं धारेनं सोडते. धार थांबली की मोटर तापली समजायचं. आम्ही मध्यावर गेलो आणि धार थांबली. जळक्या तेलाचा वास आला. मी मोटर बंद करून वर उचलली. जाळीवर हिरवा खण चिकटून बसला होता.

"बाई, नवऱ्याला वाचवायचंय का मोटर मारायचीय?" मी खेकसलो. खण ओढून काढला आणि वाहत्या पाण्यात लांब फेकून दिला. तापल्या मोटरवर पाणी ओतून चालत नाही, तडकते. निवेपर्यंत हात बांधून बसायचं. नाव हळूहळू वाहवत चालली होती.

"जल्दी करा, दादा…" घोंगडीतून रामराव म्हणाला. आवाज बारीक, पण स्पष्ट होता. "लई थंडी वाजून राह्यली…"

माझ्या जिवात जीव आला. माणूस बोलतोय म्हणजे अजून धुगधुगी आहे. मी पुन्हा दोरी ओढली. जरा पुढं गेलो नाही तोच धार बंद. मोटर उचलून पाहतो तर जाळीवर तोच खण. गाठसुद्धा तशीच. या खेपेला मी ती सोडली. आतले तांदूळ कोरडे होते.

कडूबानं वल्हं मांडीवर घेतलं. त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"सवाष्णीची ओटी गंगा परत करत न्हाई, साहेब…"

"गप बस. तो बोलतोय, ऐकलं नाहीस?"

कडूबा माझ्याकडे बघतच राहिला. "कोन बोललं? मला तर काही आलं न्हाई ऐकू…"

सोनूबाईनं माझ्या हातातला खण घेतला आणि पदरात झाकला. तिनं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पुढं आम्ही वल्ही मारतच गेलो. काठ गाठेस्तोवर दिवस कलला.

डॉक्टरांनी नाडी धरली आणि लगेच हात खाली ठेवला. "याला आता कशाला आणलंत? हा सकाळीच गेलाय. अंग लाकूड झालंय."

मला भडभडून आलं. सोनूबाई रडली नाही. "मंग माझी ओटी ती घेईल कशी," एवढंच म्हणाली.

माती वस्तीवरच व्हायला हवी, असा तिचा हट्ट. कडूबा पुन्हा नावेत पाय ठेवायला तयार होईना. मी एकटाच त्या दोघांना घेऊन निघालो. मोटर पहिल्याच ओढीला सुरू झाली, मागं चांगली जाड धार लागली. मला तिचा असा संताप आला! मेले, मघाशी काय झालं होतं तुला?

पलीकडचा काठ दिसू लागला. तिथं माणसं लाकडं रचत होती. त्यांना कुणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. सोनूबाई खाली वाकली, घोंगडीला कान लावला.

"दादा… मोटर थांबवा म्हणून राह्यले. तिकडं नेऊ नका म्हणतेत…"

तिनं सांगायची गरज नव्हती. मीही ऐकलं होतं.

मी बंद करायचं बटण दाबलं. मोटर चालूच. पेट्रोलचा कॉक फिरवला, तरी चालूच. फार तापलेली मोटर कधीकधी बंद केल्यावरही चालत राहते, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तिच्यावर हात ठेवून पाहिला. लोखंड गारठलेलं होतं, आणि नाव सरळ त्या लाकडांकडे चालली होती.