मी न दिलेली सूचना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी संघप्रिया. शिकाऊ विमानांच्या टॉवरवर रेडिओला बसते, आणि यातला एक शब्दही खोटा नाई.

चंद्रपूर जिल्हा. मागचा डिसेंबर, सतरा तारीख, दुपारचे साडेतीन.

घुग्घुसचा अश्विन पहिल्यांदाच एकटा उडत होता. तो उतरायला खाली आला आणि नेमकी धावपट्टीवर रानडुकरं शिरली. आमच्या रखवालदार लहानूभाऊंनी फटाके लावले. एरवी पळतात.

त्या दिवशी हललीच नाहीत...

सगळी टॉवरकडे तोंड करून उभी.

मी माइक दाबला. "अश्विन, उतरू नको. वर जा, चक्कर मारून ये."

टॉवरची सूचना पायलटनं परत म्हणून दाखवायची, हा नियम. त्यानं म्हटली. "वर जातो, चक्कर मारतो."

आणि पठ्ठ्या सरळ खाली आला!

मी माइकवर घसा फुटेस्तोवर ओरडले. चाकं टेकता टेकता डुकरं बाजूला सरकली... वाट दिल्यासारखी.

विमान थांबलं, तशी मी धावत गेले. डोकं भणभणत होतं.

"सांगितलेलं ऐकायले काय होते रे तुले? टॉवरचं ऐकायचं, हे पहिल्या दिवशी शिकवलं ना?"

पोरगं रडकुंडीला आलं. "ऐकलंच तं, मॅडम! मंग तुमीच म्हनल्या, उतर, आत्ताच उतर!"

"मी काऊन म्हणीन?"

रेकॉर्डिंग लावलं.

माझा आवाज. मग त्याचा. आणि मग... परत माझाच.

"उतर. आत्ताच उतर."

मी ओरडले होते, ते त्यात कुठीच नव्हतं.

संध्याकाळी मेकॅनिकनं इंजिन उघडलं. पेट्रोलची नळी कचऱ्यानं तुंबलेली. वर गेला असता तर जंगलावरच बंद पडलं असतं.

म्हणजे माझं ऐकलं असतं तर पोरगं गेलं असतं.

चौकशीत मेमो मलाच. एकाच विमानाला दोन उलट सूचना दिल्या म्हणे. अहो, दुसरी मी दिलीच नाई! किती वेळा सांगू? साहेब टेप लावतात आणि माझ्याकडे बघतात. वैताग आला नुसता.

परवा दुसरी एक शिकाऊ पोरगी, रंजीता, एकटी उडत होती. धावपट्टी मोकळी, आभाळ साफ. मी म्हटलं, "उतर."

तिनं परत म्हणून दाखवलं...

"वर जाते, मॅडम."

पायलट चुकीचं म्हणाला तर तिथल्या तिथं टोकायचं, हे माझं काम.

माइक हातात होता. मी दाबला नाई.