चार वाजताचं पाणी

“दिसते गरीब, पण हात सैल आहे तिचा. साधा नळ बंद करता येत नाही, ती घर काय सांभाळणार?”

ओलिंपियाबाई, गावच्या बोलीत दोन्या ओलिंपिया, हे कुंपणापलीकडच्या शेजारणीला सांगत होत्या. मधल्या दोरीवर चादरी वाळत होत्या आणि चादरींच्या आड, तोंडात चिमटे धरून, त्यांची तीन आठवड्यांची सून इव्हेलिस उभी होती. चिमटे होते म्हणून बरं. नाहीतर काहीतरी बोलून गेली असती.

बानी गावात नळाला पाणी येतं मंगळवारी आणि शुक्रवारी. ते अंगणाखालच्या हौदात साठवायचं आणि पुरवून वापरायचं. लग्नाच्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने, विल्किनने, हौदावर प्रेशर पंप बसवून घेतला. नळ उघडला की पंप आपोआप सुरू, नळ मिटला की बंद. बायकोला भेट, असं तो येईल-जाईल त्याला सांगत होता. ही भेट रोज दुपारी चार वाजता, कोणी हात न लावता, घुं करून सुरू व्हायची. दहा मिनिटं चालायची. हौद वीतभर उतरायचा आणि मायलेक इव्हेलिसच्या हातांकडे बघायचे.

तिने एकूण एक नळ तपासला. कमोडच्या टाकीत कॉफी ओतून भांड्यात रंग उतरतो का पाहिलं. थेंबही गळत नव्हता. विल्किन म्हणाला, “आईचं बोलणं मनावर घेऊ नकोस गं.” त्याला सोपं होतं. बोलणं त्याच्या वाट्याला येत नव्हतं.

बुधवारी तिने कोणालाही न विचारता तुलिओ मिस्त्रीला बोलावलं. पंप त्यानेच बसवला होता. आज चार माणसांसमोर ठरलं पाहिजे होतं की पाणी ती सांडत नाही.

मिस्त्रीने पंपाशेजारच्या निळ्या सिलिंडरमधली हवा मोजली. बरोबर. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खोलून, कचरा काढून परत बसवला. प्रेशर स्विचचे काळवंडलेले पॉइंट घासले. मग घराकडे जाणारी लाइन बंद केली. प्रेशरचा काटा चाळीसवर गेला आणि थांबला. अर्धा तास हलला नाही.

“पंपात खोट नाही,” तो म्हणाला.

“मग सुनेत आहे,” दोन्या ओलिंपिया म्हणाल्या.

चार वाजले. मिस्त्रीने लाइन उघडली. काटा सरसर खाली आला. पंप सुरू झाला.

“घरात कोणीतरी नळ सोडलाय.”

“कोण सोडणार?” इव्हेलिस म्हणाली. “आपण चौघंही इथंच आहोत.”

स्वयंपाकघरामागच्या बंद न्हाणीतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. सिमेंटवर, सावकाश... आणि कपडे धुण्याच्या पिवळ्या साबणाचा वास. मिस्त्रीने कपाळ पुसलं.

“तिथला पाइप मीच कापला होता. नळ काढून नेलाय... तिथं काहीच नाही.”

“तिथं कोण अंघोळ करायचं?” इव्हेलिसने विचारलं.

मायलेक एकमेकांकडे बघेनात. शेवटी मिस्त्रीच बोलला. “नुरिस. डोंगराकडची पोर. नऊ वर्षांची असताना आणली होती यांनी. शाळेत घालतो, लेकीसारखी वाढवतो म्हणून.”

“शाळेत घातली?”

“चुलीपुढे घातली. दहा वर्षं,” मिस्त्री म्हणाला. मग दोन्यांकडे वळला. “फेब्रुवारीत तापाने गेली, तेव्हा घरातलं पाणी ओतून दिलंत ना?”

हे सगळ्या गावाला माहीत होतं. गेलेलं माणूस निघण्याआधी घरच्या पाण्यात अंघोळ करतं. ते पाणी ओतून द्यायचं, तरच ते माणूस घर सोडतं.

“मडकी ओतली. बादल्या ओतल्या.”

“हौद?”

“त्याच सकाळी टँकरने भरला होता!” दोन्या ओलिंपिया कडाडल्या. “अख्खा हौद कोण ओततं? आणि ती काय आमच्या रक्ताची होती? कामं आटोपली की चारला एक बादली मिळायची तिला. तेवढं पुष्कळ होतं.”

तेव्हापासून तो हौद एकदाही रिकामा झाला नव्हता. त्याच पाण्यावर पाणी चढत होतं. त्यातच इव्हेलिसचा भात शिजला होता, तिची कॉफी उकळली होती. पण तिला शिसारी आली ती पाण्याची नाही, त्या एका बादलीच्या हिशेबाची.

तिने मिस्त्रीला खूण केली. त्याने घराची लाइन सोडवून पंपाला बागेचा जाड पाइप जोडला आणि त्याचं तोंड रस्त्याकडे ओढत नेलं.

“हात लावायचा नाही! शुक्रवारपर्यंत प्यायचं काय?” असं म्हणत दोन्यांनी खुर्ची ओढली आणि हौदाच्या झाकणावर मांडून बसल्या. विल्किन म्हणाला, “इव्हे, आईशी वाद नको.” इव्हेलिसने वाद घातलाच नाही. बटण दाबलं. पाणी फाटकाबाहेर धो धो निघालं. खुर्चीखालून हौद उतरत गेला आणि दोन्या वर तशाच बसून राहिल्या.

उन्हं कलली तेव्हा पंप कोरडा खरखरला. कोरडा पंप जळतो, म्हणून मिस्त्रीने तो बंद केला आणि वायरही काढून हातात घेतली. दोन्या उठल्या. मिस्त्रीने झाकण उघडून टॉर्च मारला. तळाचं सिमेंट तेवढं दिसलं.

“निघाली,” मिस्त्री हळूच म्हणाला.

आणि न्हाणीत पाणी पडायला लागलं.

पंप बंद. हौद कोरडा. वायर मिस्त्रीच्या मुठीत... आणि पाणी पडत होतं. एका बादलीचं नव्हे. कोणीतरी केस मोकळे सोडून, मनसोक्त, कसली घाई नसल्यासारखं नाहत होतं. दाराखालून साबणाचा फेस अंगणात आला. मग नळ घट्ट पिळल्याचा आवाज झाला. जिथं नळच नव्हता, तिथून.



दारावर आतून दोनदा टकटक झाली. अगदी हलकी, संकोचलेली.

विल्किन दोन पावलं मागे सरकला. दोन्या ओलिंपियांनी छातीवर क्रूस काढला आणि सवयीने सुनेला फर्मावलं, “जा, बघ... तू जा.”

इव्हेलिसने दोरीवरचा कोरडा टॉवेल ओढला, नीट घडी केली आणि सासूच्या हातात ठेवला.

“ती टॉवेल मागतेय, दोन्या. दहा वर्षं तिने तुम्हाला नेऊन दिला. आज तुम्ही जा.”