आमंत्रण निघालंय

मंगळवार, १७ नोव्हेंबर २००९. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. काल्हेरच्या एका गोदामात आठ वाजता यायची कापडाची गाडी तेव्हा आली आणि ड्रायव्हरच्या शेजारून निळ्या शर्टातला एक तरुण उतरला.

गोदामात डिस्पॅच सांभाळणाऱ्या मृणाली तरेने त्याला कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र पाठ होता. धामणकर नाक्यावरच्या एका लूमवाल्या शेठच्या ऑफिसातला हितेश चौधरी. तिने दिवसातून सहा वेळा फोन करून विचारायचं, गाडी कुठाय, आणि त्याने शांतपणे सांगायचं, निघाली. भिवंडीच्या धंद्यात 'निघाली' म्हणजे गाडी अजून भरायची आहे, हे तिला चार वर्षांत पक्कं कळलं होतं.

"ते 'निघाली'वाले तुम्हीच का?"

"आज खरंच वेळेवर निघाली होती, मॅडम. अंजूरफाट्याला अडकली. तुम्ही मानणार नाही म्हणून मीच साक्षीदार सोबत आलोय."

तिला हसू येत होतं, पण तीन तास वाया गेले होते. तिने चलन पुढे केलं. सही करताना त्याने मान वर केली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या गालाला बोट लावलं. शाई लागलीय... तिने मनगटाने गाल पुसला. शाई आणखी पसरली.

फोनचा हा ताप संपवता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. इंटरनेटवर एक नवीन सोय निघाली होती. दोघांच्या स्क्रीनवर एकच पान. त्याने तिकडे लिहायचं, तिने इकडे त्याच पानावर उत्तर द्यायचं. सगळ्यांना ती अजून खुली नव्हती, आमंत्रण असेल त्यालाच आत प्रवेश. त्याला पुण्याच्या वर्गमित्राने आत घेतलं होतं आणि आता त्याच्याकडे स्वतःची आठ आमंत्रणं होती.

"सात कुणाला द्यायची ते ठरलेलं नाही," तो म्हणाला. "एक तुम्हाला."

आमंत्रण त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याने पाठवलं होतं, पण ती कंपनी आमंत्रणं रांगेत लावून मनाला येईल तेव्हा सोडते, असा खुलासा झाला. आता मृणालीचे फोन दिवसाला आठ झाले. सहा गाडीसाठी आणि दोन आमंत्रणासाठी. दोन्हींना उत्तर एकच.

"आमंत्रण निघालंय, मॅडम."

चहा करणारी आणि झाडलोट बघणारी गुणाबाई हे रोज ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "कोनाचं लगीन हाय गो, आमंत्रनाची एवढी वाट बघतंस?"

आमंत्रण नवव्या दिवशी आलं. गुरुवार, दुपारी तीन वाजता. ओळख करून देणारा तासाभराचा इंग्रजी व्हिडिओ सोबत होता. गोदामाच्या लाइनवर तो उघडेना, मृणालीने नाद सोडला.

ती लाइन फारच मंद होती. हितेशचं लिहिणं तिच्याकडे बराच वेळ थांबून एकदम, पूर्ण वाक्य होऊन यायचं. त्यावरून तिने धरलं की खालचं बटण दाबल्याशिवाय पलीकडे काहीच जात नाही. म्हणून ती आधी मनातलं लिहायची, ते पुसायची आणि मग ऑफिसला शोभेल असं लिहायची.

'डबा विसरले, त्यात तुमची गाडी नाही, जीव जाईल आता.' पुसलं. 'कृपया वेळ कळवावी.' त्या दुपारी ड्रायव्हर रामूने कागदात बांधलेले दोन गरम समोसे टेबलावर ठेवले. हितेशसाहेबांनी दिलेत, एवढंच तो म्हणाला.

'गाडीबरोबर तुम्हीच येत जा ना.' पुसलं. 'गाडी सकाळी पाठवावी.' दुसऱ्या दिवशी हितेश गाडीतून उतरला. नंतर एक दिवसाआड उतरू लागला. लूम शुक्रवारी बंद, म्हणून त्याची सुट्टी शुक्रवारी, तिची रविवारी. भेटायला गाडी रिकामी होईपर्यंतची वीस मिनिटं, आणि बाकी वेळ ते पान. समोसे आणि येणं, दोन्ही तिने योगायोगाच्या खाती घातली होती.

सोमवारी, १४ डिसेंबरला, गोदामाच्या साहेबांनी तिला बदलीचं सांगितलं. एक जानेवारीपासून पनवेलचं गोदाम. तिने पान उघडलं. 'एक तारखेपासून मी पनवेलला. तुम्हाला काही फरक पडतो का?' मिनिटभर ती त्या ओळीकडे बघत राहिली... आणि पुसली. 'एक तारखेपासून डिस्पॅचला दुसरं कुणी असेल. नोंद घ्यावी.'

उत्तर आलं, 'ठीक आहे.'

त्यानंतर दोन दिवस गाडी आली, हितेश आला नाही.

बुधवारी संध्याकाळी गोदामात इंटरनेटची नवीन, वेगवान लाइन बसली. गुरुवारी सकाळी दहा चाळीसला मृणालीने पान उघडलं, तर अक्षरं एकेक करून उमटत होती. 'मला तुम्हाला' इथपर्यंत येऊन ती थांबली — आणि उलटी पुसली जाऊ लागली. पुन्हा उमटली, पुन्हा पुसली गेली. मग आलं, 'गाडी निघाली.'

तिने हात मांडीवर ठेवले. तीन आठवड्यांतलं स्वतःचं एकेक पुसलेलं वाक्य तिला आठवलं. कान गरम झाले. मग तिने फोन उचलला.

"माझं लिहिलेलं तुम्हाला असंच दिसायचं?"

पलीकडे लूमची खडखड. "हो."

"पुसलेलंही?"

"पुसताना पण."

"आणि तू सांगितलं नाहीस."

रागात ती पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहिणं बंद केलं असतं."

"पनवेलचंही वाचलंस. वाचून 'ठीक आहे' लिहिलंस?"

"त्याचं उत्तर रामूच्या हाती देता येईना... समोशासारखं."

मृणालीने अट घातली. उद्या दुपारी एक वाजता त्याने लिहायचं, तिने बघायचं. एकही अक्षर पुसायचं नाही. ते जमत नसेल तर ती एक तारखेला जाईल आणि पनवेलचा नंबर त्याला मिळणार नाही. उद्या शुक्रवार, ऑफिसला कुलूप, असं तो म्हणाला. मग कुठे बसायचं ते शोध, असं म्हणून तिने फोन ठेवला.

शुक्रवारी एक वाजता पान कोरं होतं. एक वाजून चार मिनिटांनी त्याचं नाव हिरवं झालं, म्हणजे तो पानावर आला. नाक्यावरच्या सायबर कॅफेतून.

'फरक पडतो.' मग, 'शाई लागली होती त्या दिवसापासून पडतो.' पुढच्या ओळीत दोन शब्द चुकले. ते त्याने तसेच ठेवले. 'शेठकडे रविवारची सुट्टी मागितली. विचार करतो म्हणाले. मला हे सगळं तुझ्या'

तिथे तो थांबला. एक एकोणीसला फोन वाजला.

"लिहून नाही जमत. निघालोय."

गुणाबाईने कपबशा विसळता विसळता ऐकलं. "निघालोय म्हनतं? मंग चा ठेवाला लय टाइम हाय."

मृणालीने वैतागून परत फोन लावला. कुठे पोहोचलास, या प्रश्नाला तेच उत्तर आलं. मागे रिक्षावाला ओरडत होता, अंजूरफाटा, एक सीट. ती एक सीट भरेपर्यंत नाक्यावरची रिक्षा हलत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आणि अंजूरफाट्याला पुन्हा दुसरी रिक्षा.

ती पानाकडे वळली. त्याच्या अर्ध्या वाक्याखाली तिने लिहिलं, 'ये. मी गेटवर आहे.' सवयीने बोट पुसायच्या बटणावर गेलं... तिने ते उचललं आणि ती बाहेर गेली.

दुपारी दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत हितेश चौधरी काल्हेरला पोहोचला नव्हता. कॅफेतलं पान बंद करायला तो विसरला होता. त्याचं नाव हिरवंच होतं आणि पुढचं गिऱ्हाईक बसेल त्याला सगळं वाचता येणार होतं. मृणालीची ओळ शेवटची होती. पुसलेली नव्हती.